रेसिडेंटसाहेबांचं आचमन

“वहिनी, तुम्ही पडद्याआड बसायचं, वहीवरून नजर हलवायची नाही, आणि मी अडलो की पहिला शब्द सांगायचा. फक्त पहिला. दुसरा सांगितलात तर लोकांना ऐकू जाईल, आणि तिसरा सांगितलात तर मला राग येईल.”

दिनानाथ भावजींचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कचेरीत कारकून, पण ते आपलं दहा ते पाच. खरे ते नट आणि दिग्दर्शक. बाराव्या वर्षी लुगडं नेसून राणीचं काम केलं, पंधराव्या वर्षी मिसरूड फुटल्यावर त्याच नाटकात राणीचे सासरे झाले, आणि विसाव्या वर्षापासून जे दिग्दर्शक झाले ते घरात, दारात, रस्त्यावर सगळीकडे. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, तालमीतून वेळ कुठे मिळतो? आमच्या दूधवाल्याला त्यांनी एकदा दारातून परत पाठवला. म्हणाले, “पुन्हा या. कडी वाजवायच्या आधीच तुमचा चेहरा दूध देऊन मोकळा झाला होता.” तो बिचारा पुन्हा आला, पुन्हा कडी वाजवली, आणि म्हणाला, “भिया, दूध तो वोई है, चेहरा कैसा भी हो.”

मी नाटकात कशी शिरले याचं पुष्कळांना नवल वाटतं. मलाही वाटतं. मध्यप्रदेश नवा झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि आमच्या इंदुरातल्या निम्म्या नटमंडळींची कचेरीतली टेबलं ट्रकात चढून तिकडे रवाना झाली. त्यात भावजींच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टरही गेले. गणेशोत्सवातलं नाटक दीड महिन्यावर आलेलं. भावजी एक दिवस मी पोथी वाचत असताना देवघराच्या दारात उभे राहिले. अध्याय संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, “वहिनी, तुमचा आवाज मला इथे स्वच्छ ऐकू आला आणि दादाला ओटीवर काही ऐकू आलं नाही. असा आवाज मी वीस वर्षं शोधतोय.”

माझ्या आवाजाला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. सासूबाई तर म्हणायच्या की ही बोलते का देवाशी कुजबुजते. त्यामुळे मी हो म्हणून गेले. गर्व वाईट. एवढासा झाला, पण झाला.

नाटक भावजींनीच लिहिलं होतं, ‘कोठीवरचा पाहुणा’. कंपनी सरकारच्या काळातला एक इंग्रज रेसिडेंट वीस वर्षं इंदुरात, कोठीवर म्हणजे रेसिडेन्सीत, राहतो, त्याला परतीचा हुकूम येतो, आणि शेवटच्या प्रवेशात तो आपल्या मित्राचा, म्हणजे दरबारच्या दिवाणाचा, निरोप घेतो. रेसिडेंट भावजी. दिवाण लक्ष्मण, तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि स्टेजवरही हात करून दिशा दाखवायचा. पडदा ओढायचं काम मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांच्याकडे. त्यांच्या पणजोबांनी होळकरांच्या फौजेत तोफ ओढली होती, म्हणून दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ते तयार नसत.

आता एक गुपित सांगते. भावजींच्या थांबण्याची गावात ख्याती होती. बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, खिडकीकडे बघायचे, आणि लोक श्वास रोखून बसायचे. “क्या ठहराव है!” असं हिंदी लोकसुद्धा म्हणायचे. मी वही घेऊन बसले तेव्हा पहिल्याच तालमीत कळलं, की यातले बरेच ठहराव म्हणजे भावजी पुढची ओळ विसरलेले असतात. हे त्यांना माहीत होतं, आता मलाही कळलं. दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

पण मला कुतूहल वाटायला लागलं. माणूस शंभर ओळी धडाधड म्हणतो आणि एकशे एकाव्या ओळीला दगडासारखा उभा राहतो, ते का? देवघरातला कुंकवाचा करंडा जवळच असायचा. भावजी अडले की मी वहीत त्या ओळीपुढे कुंकवाचं बोट लावायची. पंधरा दिवसांनी पाहिलं तर ठिपके इकडे तिकडे पसरलेले नव्हतेच. दर तालमीला त्याच सात जागा. त्या ओळी वाचल्या आणि माझं मलाच चमत्कारिक वाटलं. पहिली, “आता निघतो.” दुसरी, “सामान बांधायला सांगा.” तिसरी, “हे झाड माझ्यामागे कोण पाहील?” अशा सातही. जाण्याच्या.

भावजींची भोपाळला बदली झाल्याचा कागद आषाढात आला होता. दसऱ्यानंतर हजर व्हायचं. घरात त्यांनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा आवाज अगदी साधा होता, एकही ठहराव नव्हता. मंडळात काही म्हणाले नाहीत. मी त्याच आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरला, दिवेलागणीपासून शेजारच्या विठ्ठलमंदिरात शेजारतीची घंटा होईपर्यंत मौन. घंटा बरोबर नऊला होते. मनात गणपतीला म्हटलं, हे मौन तुझं, आणि भावजींची बदली तेवढी रद्द कर. नेम कशासाठी ते कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

तालमी नवानंतरच व्हायच्या, आणि नाटकही रात्री नवाला सुरू होणार होतं. म्हणजे इकडे घंटा, तिकडे पडदा. सगळं बेताचं. असं मला वाटलं.

प्रयोगाला परवानगी लागते. नानासाहेब अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की जुन्या मध्यभारत राज्याचे छापील फॉर्म रद्द झाले आणि मध्यप्रदेशचे अजून भोपाळहून आले नाहीत. नानासाहेब सात वेळा गेले. तिसऱ्या वेळी विचारण्यात आलं, की नाटकात इंग्रज आहे तर त्याचा पासपोर्ट कुठे आहे. चौथ्या वेळी भावजींना स्वतः जाऊन आपण इंग्रज नाही हे दाखवावं लागलं. साहेबांनी त्यांना निरखून पाहिलं आणि म्हणाले, “रंग तो साफ है.” सातव्या वेळी प्रयोगाच्या तीन दिवस आधी परवानगी मिळाली. नाटकाचा फॉर्म नव्हता म्हणून ती सर्कशीच्या फॉर्मवर दिली होती. त्यावर छापलेलं होतं, की खेळ सायंकाळी सहा ते नऊ होईल, हिंस्र जनावरं बांधलेली असतील, आणि झुल्याखाली जाळं लावलेलं असेल.

“बस्स, टाइम बदलून आणतो,” नानासाहेब म्हणाले.

“त्याला भोपाळला लिहावं लागतं,” भावजी म्हणाले. “पंधरा दिवस. गणपती चार दिवसांनी पाण्यात जातील.”

सगळे गप्प झाले. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तेव्हा दिवे लागलेले होते आणि मीही गप्पच होते.

त्या क्षणी माझं काय झालं असेल ते माझं मला ठाऊक. बोलले तर नेम मोडतो आणि बदली पक्की. न बोलले तर सगळ्या गावासमोर, इंदुरातल्या शेवटच्या प्रयोगात, भावजी सात वेळा दगडासारखे उभे राहणार. आणि या खेपेला खिडकीकडे बघून भागणार नव्हतं, कारण शेवटचा प्रवेश बागेत होता. तिथे खिडकीच नव्हती. वही दुसऱ्या कुणाकडे दिली, तर पहिलाच शब्द मागच्या रांगेपर्यंत जाणार.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, नेम मोडायचा नाही,” ते म्हणाले. “माझं मी बघेन.” आणि लगेच उठून पाणी प्यायला गेले. पाणी त्यांच्यासमोरच ठेवलेलं होतं.

आमच्याकडच्यांनी, म्हणजे भावजींच्या दादांनी, सकाळी उपाय सुचवला. “पुजाऱ्याला सांग ना, त्या दिवशी शेजारती पाच वाजता उरकून घे.”

“माझ्या सोयीसाठी देवाला भर उजेडात झोपवू?” मी म्हटलं. त्यावर ते पेपरात शिरले.

मग गंगूबाई आल्या. गंगूबाई जुनी इंदूरमधून, म्हणजे गावातल्याच दुसऱ्या भागातून, आमच्या बडा गणपतीच्या गल्लीत राहायला आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण अजून कुठल्याही अडचणीवर त्यांचं पहिलं वाक्य “आमच्या जुनी इंदूरला असं नव्हतं” हेच असतं. त्या म्हणाल्या, “आमच्या जुनी इंदूरला असं नव्हतं. खामखा घाबरता इंदिराबाई. उसमें क्या है, पाटीवर शब्द लिहून दाखवा.”

पाटी करून पाहिली. भावजींना चष्म्याशिवाय पाटीच दिसेना, मग अक्षर कुठलं? ते विंगेकडे मान लांब करून बघायला लागले, तर लक्ष्मणला वाटलं साप निघाला, आणि तो खुर्चीवर चढला.

“मग दोरी बांधा,” गंगूबाई म्हणाल्या. “पायाला सुतळी, एक हिसका म्हणजे पहिली ओळ, दोन हिसके म्हणजे दुसरी.”

सुतळी बांधली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या अंकात रेसिडेंट रागारागाने उठून जातो. भावजी सुतळी विसरले. ती चहाच्या टेबलाच्या पायात अडकली होती, त्यामुळे ते गेले आणि त्यांच्यामागून टेबलही गेलं. कपबशा शेजारच्या मंगलाताईंच्या माहेरच्या होत्या. त्या अजून माझ्याशी तिळगुळापुरतंच बोलतात.

शेवटी मी शास्त्रीबुवांकडे गेले. दिवसा, म्हणजे बोलता येत होतं. त्यांना विचारलं, मौनात काय चालतं? ते म्हणाले, “देवाचं नाव चालतं. नामाला मौनाची आडकाठी नाही.”

मला उजेड पडल्यासारखं झालं. जागा सात. संध्येतली विष्णूची चोवीस नावं भावजींना मुंजीपासून पाठ. त्यातली पहिली सात घ्यायची. पहिल्या ओळीला केशव, दुसरीला नारायण, तिसरीला माधव, मग गोविंद, विष्णू, मधुसूदन, आणि निरोपाच्या अगदी शेवटच्या ओळीला त्रिविक्रम. नाव कानावर आलं की ओळ आठवायची. भावजींनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. “वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही दिग्दर्शक व्हायला हव्या होतात.”

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. ही नावं मधूनच कुणाला म्हणता येत नाहीत. मला तरी येत नाहीत. मधुसूदन म्हणायचं तर केशवापासून निघावं लागतं.

प्रयोगाच्या दिवशी साडेपाचला एक हवालदार हजर. हातात सर्कशीचा फॉर्म. “जानवर किधर बाँधे हैं?”

“जनावरं नाहीत,” नानासाहेब म्हणाले. “नाटक आहे.”

“और जाली?”

“कोणी लटकणारच नाही तर जाळी कशाला?”

हवालदाराने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “बिना जानवर की सर्कस,” तो उदास होऊन म्हणाला आणि विंगेत माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसला, घड्याळ हातात धरून. नवाच्या पुढे एक मिनिट चालू देणार नव्हता. मी त्याला बसायला जरा जागा करून दिली. दिवे लागल्यावर बोलता येईना, म्हणून प्रसादाचा मोदक दिला. त्याने तो खाल्ला आणि मग माझ्या वहीतले लाल ठिपके बघत राहिला.

पहिली जागा आली. भावजी थांबले. मी म्हटलं, “केशव.” त्यांनी ओळ उचलली. इतकं बरं वाटलं की मी हवालदाराकडे बघून हसले.

दुसऱ्या जागेला “केशव, नारायण.” तेही ठीक. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले, एवढंच. तिसऱ्या जागेला “केशव, नारायण, माधव” म्हणेपर्यंत वेळ गेला, आणि लक्ष्मणने घाबरून विंगेकडे हात केला आणि स्वतःच्या मनाने वाक्य टाकलं, “साहेब, उत्तरेकडून कुणीतरी येत आहे!” पुढचा सगळा अंक लोक त्या येणाऱ्याची वाट बघत होते. चौथ्या, पाचव्या, सहाव्या जागेला माझी यादी लांबत गेली आणि आवाज वाढत गेला. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. मधुसूदनापर्यंत पोचले तेव्हा आजोबांच्या मागच्या तीन रांगा माझ्याबरोबर म्हणत होत्या.

आणि मग शेवटचा प्रवेश. बाग, टेबल, चहा. या खेपेला कपबशी आमच्या घरची. भावजी टोपी, कोट, पिवळ्या मिशा लावून बसलेले, समोर दिवाण. ओळ होती, “दिवाणसाहेब, आता मला निघायला हवं.” भावजींनी “दिवाणसाहेब” म्हटलं आणि थांबले.

मी सुरू केलं, “केशव.”

भावजींचा डावा हात उठला, पळी घ्यावी तसा चहाचा कप घेतला, उजव्या हाताचा संध्येतल्यासारखा खोलगट तळवा झाला, आणि रेसिडेंटसाहेबांनी त्यात चहा ओतून प्राशन केला.

“नारायण.” दुसऱ्यांदा.

“माधव.” तिसऱ्यांदा.

मला दिसत होतं, पण थांबता येईना. त्रिविक्रम अजून लांब होता. “गोविंद,” मी म्हटलं, आणि साहेबांनी हातावरून उरलेला चहा नीट, एका धारेने, बशीत सोडला. ताम्हणात सोडावा तसा.

असं हसू मी कधी ऐकलं नाही. मंडपाचे बांबू हलले. नानासाहेबांनी दोरीला हात घातला. लक्ष्मण पश्चिमेकडे बघत होता. हवालदार पोट धरून, “अब आई सर्कस!” म्हणाला. आणि भावजी तसेच बसलेले, ओला तळहात समोर धरून, त्याच्याकडे बघत. पिवळ्या मिशीतून चहा गळत होता. मी वही मिटली. वाटलं, देवा, नेम पाळला मी, आणि माणूस बुडवला.

मग भावजींनी मान वर केली. हसू ओसरायची वाट पाहिली. तो ठहराव खरा होता. वहीत त्याला ठिपका नव्हता.

“दिवाणसाहेब,” ते म्हणाले, “लोक हसतात ते बरोबर आहे. मला हे कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं कोठीच्या मागच्या घाटावर कुणीतरी रोज सकाळी हेच म्हणतं आणि मी खिडकीतून बघतो. माझा हात कधी शिकला ते मलाच ठाऊक नाही. आता हुकूम आलाय. सामान तुम्ही बांधाल. पण जिथे जाईन तिथे सकाळी चहा समोर आला की हा हात असाच वळेल, आणि तिथे कुणाला कळणार नाही की हा माणूस कुठला.”

वहीत यातलं अक्षर नव्हतं.

“निघतो,” भावजी म्हणाले. अगदी सहज. मी सांगायच्या आत.

नानासाहेबांना दोरी ओढायचं भान राहिलं नाही. ती हवालदाराने ओढली. घड्याळात नवाला दोन मिनिटं होती. डोळे पुसून तो मला म्हणाला, “माताजी, कल भी है क्या?”

भावजी विंगेत आले. एक मिशी सुटलेली. मागे टाळ्या चालू होत्या, आणि ते फक्त माझ्याकडे बघत होते. “वहिनी, मंडळाला सांगितलेलं नाही. माझा इथला हा शेवटचा. पुढे कुठे उभा राहिलो आणि अडलो, तर कोण सांगेल?”

मंदिरात शेजारतीची घंटा झाली.

“मी सांगेन,” मी म्हटलं.

“कुठेही?”

“कुठेही.”

सासूबाईंची शिकवण होती, की मौन सुटल्यावर तोंडून निघालेलं पहिलं बोलणं खोटं होऊ द्यायचं नाही. म्हणून त्या मौनानंतर नेहमी “हरी” एवढंच म्हणायच्या. मी बोलून गेले होते. आणि तेव्हा मला वाटत होतं की कुठेही म्हणजे फार तर शेजारच्या महूपर्यंत, कारण बदली रद्द होणारच.

बदली रद्द झाली नाही. आमच्याकडचे म्हणाले, “तुझ्या गणपतीकडे फाइल पोचली नसेल. भोपाळहून यायची असेल.” गणपतीने अट मान्य केल्याचं मला तरी कुठे सांगितलं होतं? अट माझी होती. भावजी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी एक ट्रंक आणि पिवळ्या मिशा घेऊन गेले. निघताना “येतो वहिनी” म्हणाले. अडले नाहीत.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. खजराना गणपतीला द्यावी म्हणून मी चांगली पितळेची घंटा आणून ठेवली. जायला दोन दिवस होते तेवढ्यात भोपाळहून कार्ड आलं.

“ती. वहिनींस सा. न. बदलून आलेले बारा कारकून जमवले आहेत. त्यातले चार बोलतात. ‘कोठीवरचा पाहुणा’चा प्रयोग रविवारी दुपारी चारला. परवानगी मिळाली, या वेळी नाटकाच्याच फॉर्मवर. घंटा नाही, शाळेची थाळी बडवतो, त्यामुळे लोक डबे उघडतात. आचमन ठेवलं आहे. सहा जागा आता सुटल्या. एक राहिली आहे. दि.”

मी शास्त्रीबुवांना विचारून आले, घंटा देवळातच द्यावी लागते का? ते म्हणाले, “जिथे ती ऐकून माणसं गप्प होतील आणि समोर बघतील, तिथे द्यावी.”

गंगूबाई म्हणाल्या, “आमच्या जुनी इंदूरहून बाईमाणूस एकटं भोपाळला गेलेलं नाही.” आणि वाटेत खायला दशम्या देऊन गेल्या.

रविवारी पहाटे मी देवापुढे दिवा लावला, ठिपक्यांची वही पिशवीत ठेवली, वर घंटा. आमच्याकडचे झोपले होते. रात्री त्यांनीच बसचं तिकीट माझ्या पोथीत खूण म्हणून ठेवलं होतं. कुणाची झोप मोडू नये म्हणून घंटेचा लोलक मी रुमालात गुंडाळून मुठीत धरला, दाराची कडी दुसऱ्या हाताने काढली, आणि बस स्टँडच्या वाटेला लागले.